अर्थाचे वर्ष

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही त्याच वर्षी मुंबईत छापली गेली. पुढे १८६३ मध्ये पदमनजींनीच या कोशाचा संक्षेप सिद्ध केला. एकाच काळाची भाषा जपणारे हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, असे आहेत.

एकेकाळी त्यासाठी मोठे ग्रंथालय गाठावे लागे. आता शिकागो विद्यापीठाने हा कोश आंतरजालावर विनामूल्य खुला केला आहे. आंतरजालावर साधनांची वाण नाही. वाण आहे ती साधनाचे वय विचारण्याच्या सवयीची. ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. आज आपल्याला त्यात बहुधा दंडच दिसतो. मोल्सवर्थ अध्ययन हाही अर्थ नोंदवतो. आजचाच अर्थ गृहीत धरून जुना मजकूर वाचणारा जिज्ञासू विद्यार्थी इथे हमखास चकतो.

अर्थात मोल्सवर्थलाही प्रमाण मानून थांबता येत नाही. मुखपृष्ठावर त्याचे आणि कँडी बंधूंचे नाव आहे. शब्द गोळा करणाऱ्या, पारखणाऱ्या पंडितांचे नाही. कोणाची मराठी कोशात आली आणि कोणाची बाहेर राहिली, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. शोधचौकटीत शब्द टाकला की अर्थ क्षणात हाती येतो, पण कोशाची प्रस्तावना आपोआप समोर येत नाही. ती उघडायला लावणे, हे अजूनही शिक्षकाचेच काम आहे.