उजनीचे हिरवे पाणी आणि दोन वह्या

एप्रिल २०२१ मध्ये उजनी धरणातले पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्यासाठी उचलण्याच्या प्रस्तावाला शासनाने हिरवा कंदील दाखवला आणि सोलापूर जिल्हा खवळला. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, तरी आंदोलने झाली, निवेदने गेली, गावोगाव निषेध झाला. सोलापूरचे तेव्हाचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे हे इंदापूरचेच आमदार असल्याने वादाला आणखी धार आली. अखेर मे महिन्यात जलसंपदा मंत्री जयंत पाटील यांनी हा निर्णय रद्द झाल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांच्या लेखी प्रकरण तिथे संपले.

मला त्या वादातले एकच वाक्य महत्त्वाचे वाटते. प्रस्तावाच्या बाजूने सांगितले जात होते की, हे उजनीच्या वाट्याचे पाणी नव्हेच; पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून धरणात येणारे हे सांडपाणी आहे. आणि सोलापूरकर ज्याला एरवी ‘पुण्याची घाण’ म्हणतात, तेच पाणी आपल्या हक्काचे म्हणून राखायला रस्त्यावर उतरले होते. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या. वाटणीच्या वेळी ते पाणी असते. उन्हाळ्यात त्यावर हिरवा थर चढला की ती घाण होते. एकाच पाण्याला ही दोन नावे कशी पडली, याचा माग काढत गेले की आपण १९६९ सालापाशी येऊन पोहोचतो.

थर कशाचा असतो?

आधी त्या थराविषयी. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून अधिक. म्हणूनच आमच्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. मृतसाठा म्हणजे तळाचे, गाळाशेजारचे पाणी. तेही आपण पितो आणि पिकांना देतो.

या जलाशयात येते काय? इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीपाशी मुळेत येते, मुळा आणि मुठा पुण्यात एक होतात आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत उतरते. पुढे दौंडवरून ही सगळी पाण्याची वरात उजनीत थबकते. पाणी थांबले, ऊन तापले आणि खुराक भरपूर असला की नील-हरित शेवाळ फोफावते. आपण शेवाळ म्हणत असलो तरी शास्त्राच्या भाषेत हे सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. त्यांतला मायक्रोसिस्टिस हा प्रकार पेशीतल्या वायूच्या सूक्ष्म पिशव्यांमुळे वर तरंगतो, म्हणून पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा दिसतो. त्याच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे, यकृतावर घाला घालणारे विष तयार करतात. हे विष उकळण्याने जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा सुचवली : लिटरमागे एक मायक्रोग्रॅम.

हे परदेशातले भय नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या शहरी तलावांतले हे जीव आणि त्यांची विषे अभ्यासली आहेत. ब्राझीलमध्ये कारुआरू गावी १९९६ साली डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष आले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. मात्र प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते. रंगावरून विष ओळखता येत नाही, ते मोजावेच लागते. ‘नुसते शेवाळ आहे, काही होत नाही’ म्हणणारा आणि ‘उजनीत विष कालवले’ म्हणणारा, दोघेही न मोजताच बोलत असतात.

१९६९ : दोन वह्या उघडल्या

एप्रिल १९६९ मध्ये केंद्र सरकारने कृष्णा पाणी तंटा लवाद नेमला. अध्यक्षांच्या नावावरून आपण त्याला बच्छावत लवाद म्हणतो. त्याच वर्षी महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा आपला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १९७४ साली आला. सप्टेंबर १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे राहिले. म्हणजे पाणी किती याची वही आणि पाणी कसे याची वही आपण एकाच सुमारास उघडली. पण दोन वेगळ्या कचेऱ्यांत, दोन वेगळ्या कपाटांत.

पहिली वही किती काटेकोर होती ते पाहा. लवादाचा अंतिम निवाडा १९७६ चा. भीमेच्या वरच्या खोऱ्यात महाराष्ट्राने वर्षाला किती पाणी वापरावे यावर त्यात बंधन आहे : आधी ९० टीएमसी, १९९० नंतर ९५. वापर मोजायचा कसा, हेही निवाड्यात ठरवून दिले आहे. शहराने पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी जेवढे पाणी उचलले, त्याच्या फक्त २० टक्के वापरले असे धरायचे. उद्योगांच्या बाबतीत अवघे अडीच टक्के.

मग उरलेले ८० टक्के कुठे जाते? ते नदीत परत येते, असे गृहीत धरले आहे. शहराच्या मोऱ्यांतून आणि नाल्यांतून परत आलेले पाणी म्हणजे सांडपाणी. हिशोबाच्या या पद्धतीत ते पूर्ण पाणी ठरते. परत येताना त्याचा रंग, वास आणि गुण काय आहे याला त्या तक्त्यात रकाना नाही. राज्याराज्यांत वाटणी करण्यासाठी नेमलेल्या लवादाकडून त्याहून जास्तीची अपेक्षा करणेही बरोबर नाही. पण २०२१ चा वाद या ८० टक्क्यांच्या पोटातून जन्मला. पुण्याची वस्ती वाढली, धरणांतून उचल वाढली, तसे परत येणारे पाणी वाढले. इंदापूरने त्यावर बोट ठेवले, सोलापूरने मूठ आवळली. दोघांच्याही हातात पहिली वही होती.

दुसऱ्या वहीची गत निराळी. शहरांच्या सांडपाण्यासाठी केंद्राने २०१७ साली जी मानके काढली, त्यांत सेंद्रिय भार, गढूळपणा, विष्ठेतले जिवाणू यांच्या मर्यादा होत्या, फॉस्फरसची नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अधिक कडक मानके लावण्यास सांगितले. त्यांत तलाव-जलाशयांत जाणाऱ्या पाण्यासाठी लिटरमागे एक मिलिग्रॅम फॉस्फरस ही मर्यादा होती. हिरव्या थराची खरी चावी हा एकच आकडा आहे. तो का, हे समजायला थोडे लांब, कॅनडापर्यंत जावे लागेल.

इरी सरोवराचा धडा

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरचे इरी सरोवर साठच्या दशकात हिरव्या थराने गुदमरले. तिथेही भांडण पेटले. शास्त्रज्ञांचे बोट धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटकडे होते. साबण उद्योगाच्या बाजूने म्हटले जाई की शेवाळ कार्बनमुळे वाढते. तेव्हा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात काही छोटी तळी केवळ प्रयोगासाठी राखली गेली. पहिले मोठे प्रयोग सुरू झाले १९६९ मध्येच. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले; दुसऱ्या भागात तेच, शिवाय फॉस्फरस. दुसरा भाग हिरवा झाला, पहिला निवळ राहिला. विमानातून काढलेले ते छायाचित्र पाहिल्यावर सामान्य माणसालाही वाद कळला.

पुढची पायरी अधिक मोलाची. दोन्ही देशांनी १९७२ साली करार केला आणि १९७८ च्या करारात इरीसाठी वर्षाला ११ हजार टन फॉस्फरस ही कमाल मर्यादा लिहिली. कोण दोषी या प्रश्नाऐवजी कोणाकडून किती टन येते, हा प्रश्न पटलावर आला. शहरांनी सांडपाणी प्रक्रिया सुधारली, पावडरींतला फॉस्फेट घटला आणि सरोवर बऱ्याच अंशी सावरले. मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून थर पुन्हा येऊ लागला. या वेळी मुख्य भार शेतांतून वाहून येणाऱ्या खताचा होता. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहरातल्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. शहराने आपला हिशोब चुकता केला तरी शेताचा थकला, तर सरोवर तो वसूल करतेच.

समुद्राच्या बाबतीत असा हिशोब अवघड जातो. अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाचा हिरवा तवंग येतो. रात्री मुंबईच्या किनाऱ्यावर २०२० साली लाटा निळ्या चमकल्या, त्या याच कुळातल्या जीवामुळे. जोआकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली या तवंगाचा संबंध समुद्रातल्या घटत्या प्राणवायूशी जोडला. दुसऱ्या भारतीय संशोधकांनी २०१८ मध्ये आपल्या मोजमापांनी तो संबंध नाकारला. तो वाद शास्त्राच्या नियमाने चालला आहे आणि चालू राहील. कारण समुद्राला भिंत नाही. उजनीला अडीच किलोमीटर लांबीची आहे, आणि त्यात येणाऱ्या प्रमुख नद्या बोटांवर मोजता येतात. इथे हिशोब न लागण्याला निसर्ग जबाबदार नाही.

आपले बोट कुणाकडे?

आता पाच टीएमसीचाच हिशोब करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पाच टीएमसी म्हणजे १४ हजार कोटी लिटरांहून थोडे अधिक. त्यात लिटरमागे फक्त एक मिलिग्रॅम फॉस्फरस धरला, म्हणजे हरित लवादाची मर्यादा तंतोतंत पाळली, तरी १४१ टन होतो. एका किलो फॉस्फरसवर सुमारे पाचशे किलो ओले शेवाळ पोसले जाऊ शकते, असा जलशास्त्रातला ढोबळ दाखला आहे. त्या हिशोबाने सत्तर हजार टन. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रांत मुख्यतः सेंद्रिय घाण कमी होते. फॉस्फरस काढायला त्यासाठी खास टप्पा लागतो. पुण्यात मुळा-मुठेसाठी जपानच्या साह्याने अकरा नवी केंद्रे, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची, उभारण्याची योजना २०१६ साली मंजूर झाली. ती पूर्ण होणे गरजेचेच आहे. पण ‘किती दशलक्ष लिटरवर प्रक्रिया’ हाही पहिल्या वहीचाच आकडा झाला. त्यातून किती फॉस्फरस खाली आला, हे दुसऱ्या वहीने सांगायला हवे.

इथवर सोलापूरकराला हे वाचून बरे वाटेल. पण जलाशयाच्या दोन्ही काठांना, इंदापूर, करमाळा, माढा भागांत, फुगवट्यावर मोटारी टाकून ऊस उभा आहे. उसाच्या बेसल डोसमध्ये फॉस्फरस असतोच. डीएपी असो, सुपर फॉस्फेट असो वा मिश्र खत. अवकाळी पावसात सरीतली माती वाहते, तिच्याबरोबर तोही जातो. शिवाय आजवर आलेल्या फॉस्फरसचा वाटा तळाच्या गाळात बसला आहे आणि उन्हाळ्यात प्राणवायू घटला की तो पुन्हा वर येतो. म्हणजे उद्या पुण्याने थेंबही घाण सोडली नाही, तरी थर लगेच जाणार नाही. हे आधीच सांगून ठेवले नाही, तर पुण्याचे पैसे खर्च झाल्यावरही उजनी हिरवी दिसेल आणि ‘बघा, आमचा दोष नव्हताच’ म्हणायला वरचे मोकळे होतील.

या भांडणात ज्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो तो जाळे टाकणारा. धरणाने ज्यांची शेती गिळली, त्यांतल्या काहींनी नंतर होडी धरली. भोई समाजाची तर पिढीजात रोजीच ही. पाणी हिरवे झाले की जाळी लडबडतात, प्राणवायू घटला तर मासे मरतात. पण ‘उजनीचा मासा विषारी’ अशी बातमी सुटली तर भिगवण-इंदापूरच्या बाजारातला भाव एका दिवसात पडेल. म्हणून तो तक्रारही जपून करतो. मोजमाप जाहीर असते तर त्याला गप्प राहावे लागले नसते. कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात सांभाळायचे, एवढेच पाळून बाकीचे महिने त्याचा माल निर्धास्त विकला गेला असता.

आणि सर्वांत खाली सोलापूर शहर, ज्याला अनेक दिवसांआड नळ येतो, आणि पंढरपूर. वारीसाठी उजनीतून भीमेत पाणी सोडतात. देहू-आळंदीची इंद्रायणी अशी दोन वाटांनी पंढरीला जाते : पालख्यांबरोबर नामाने, आणि उजनीवरून पाण्याने. वाळवंटात वारकरी जे तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो, त्याची नोंद कोणत्या वहीत आहे, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे.

कालवा सल्लागार समितीची बैठक होते तेव्हा आवर्तनासाठी साठ्याचे आकडे समोर ठेवले जातात. त्याच कागदावर आणखी काही आकडे असावेत : तुळापूरला इंद्रायणीतून, रांजणगाव सांडसला मुळा-मुठेतून आणि दौंडला भीमेतून किती फॉस्फरस आला, धरणाच्या भिंतीशी किती आहे, उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिन किती सापडले. पाण्याची वाटणी मागणाऱ्या प्रत्येकाने, मग ते पुणे असो, इंदापूर असो की सोलापूर, आपल्या नावापुढे टीएमसीबरोबर टनही लिहून घ्यावेत. दोन वह्या शेजारी ठेवायला नवा कायदा लागत नाही. एक टेबल लागते.

आमचे अकलूज या वादात सोयीच्या जागी आहे. आम्ही नीरेकाठचे. तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान करून आमच्याकडे येते, ते पाणी पुण्याचे नसते. पण नीरा नरसिंहपूरला ही नदी उजनीच्या खाली भीमेला मिळते आणि तिथून पुढे पंढरपूरला आमचेही पाणी जाते : आमच्या उसाचे, कारखान्यांचे, वाढत्या गावांच्या गटारांचे. माळशिरस तालुक्याने पुण्याकडे बोट दाखवण्याआधी नरसिंहपूरच्या संगमावर नीरेतून किती टन फॉस्फरस उतरतो, याची नोंद मागावी. ती मागणी आमच्या ग्रामसभांतून सुरू झाली, तर वरच्यांकडे हिशोब मागताना आवाज अडखळणार नाही.