गाडीचा खरा भाव

गेले तीन वीकएंड काहीच लिहून झालं नाही, कारण घरात गाडीखरेदी चालू होती. राहायला न्यू जर्सी, बायकोचं ऑफिस चाळीस मैलांवर, आणि तिला हायब्रिडच हवी होती. गाडी कोणती घ्यायची हे एका संध्याकाळी ठरलं. बाकीचे सगळे दिवस गेले एकाच प्रश्नात : पैसे किती द्यायचे?

आता तुम्ही म्हणाल, गाडीवर किंमत लिहिलेली असते, ती द्यायची! हो, असते की. खिडकीच्या काचेवर एक मोठा छापील कागद असतो. त्यात कंपनीची किंमत, जास्तीच्या वस्तू, वाहतूक खर्च, सगळं ओळीने लिहिलेलं. पण आम्ही पाहिलेल्या गाडीवर त्याच्या शेजारी डीलरने आपला एक छोटा कागद चिकटवला होता : ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट, २,५०० डॉलर’. कशाबद्दल? तर गाडीला मागणी आहे, त्याबद्दल.

बायकोने नंतर फोन केला तेव्हा हे अडीच हजार धरूनच भाव सांगितला गेला. त्याच संध्याकाळी मी माझ्या नावाने त्याच गाडीसाठी ईमेल टाकला, तर उत्तरात ते अडीच हजार नव्हतेच. “योगायोग असेल,” मी म्हटलं. “हो ना, योगायोगच. नेहमीचाच,” असं म्हणून ती लॅपटॉप उघडून बसली. मी पण बसलो. ती डीलर शोधत होती, मी इतिहास. (घरातल्या कामाची ही अशीच वाटणी आहे.)

मला पडलेला प्रश्न साधा होता. या देशात साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं ठरल्या भावाने विकलं जातं. जॉन वॉनामेकरने १८७६ साली फिलाडेल्फियात भलंमोठं दुकान उघडलं, ‘सगळ्यांना एकच भाव’ हे तत्त्व गाजवलं, आणि घासाघीस हळूहळू दुकानांतून गेली. मग ती मोटारीच्याच दुकानात का राहिली?

उत्तर आहे जुन्या गाडीत. १९२० च्या दशकात अमेरिकेत अशी वेळ आली की नवी गाडी घ्यायला येणाऱ्याकडे बहुधा आधीची एक असायचीच. ती देऊन, वरचे पैसे भरून नवी न्यायची. आपण सोनाराकडे मोड देतो तसंच. आता नव्या गाडीचा भाव कितीही छापा, जुनीची किंमत समोरासमोरच ठरणार. म्हणजे घोड्यांच्या बाजारातली घासाघीस गेलीच नाही, ती शोरूममध्ये येऊन टाय लावून बसली.

मग महायुद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ पासून युद्ध संपत येईपर्यंत साध्या गिऱ्हाइकासाठी गाड्या बनणंच बंद होतं. युद्धानंतर लोकांकडे पैसा होता, गाड्या नव्हत्या. डीलरनी काय केलं असेल हे मराठी माणसाला सांगायला नको. वरचे पैसे घेतले, नको असलेल्या अ‍ॅक्सेसरीज गळ्यात मारल्या, जुनी गाडी मातीमोल भावाने घेतली. पुढे पन्नाशीच्या दशकात उत्पादन वाढलं आणि पारडं फिरलं. आता गाड्या जास्त, गिऱ्हाईक कमी. तेव्हा नवीन युक्ती निघाली. नव्या गाडीची किंमत आधी फुगवायची, मग जुन्या गाडीचे ‘भरघोस’ पैसे देतोय असं दाखवायचं. माणूस खूश होऊन घरी जायचा आणि त्याला कळायचंही नाही की आपलेच पैसे आपल्याला परत मिळाले.

ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी या धंद्याची सुनावणी घेतली, आणि त्यातून १९५८ चा कायदा आला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत, फॅक्टरीत बसवलेल्या जास्तीच्या वस्तूंचे वेगळे भाव आणि वाहतूक खर्च लिहिलेला असलाच पाहिजे. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाण्याआधी तो कागद मुद्दाम काढला तर १,००० डॉलरपर्यंत दंड, नाहीतर वर्षभरापर्यंत कैद. त्या कागदाला अजूनही ‘मन्रोनी स्टिकर’च म्हणतात. एका राजकारण्याच्या नावावर रस्ता किंवा पूल असण्यापेक्षा हे मला फार बरं वाटलं.

पण त्या कायद्यात एक शब्द आहे, ‘सुचवलेली’. डीलर हा स्वतंत्र व्यापारी, त्याने किती घ्यायचे हे कंपनी ठरवू शकत नाही, आणि बहुतेक राज्यांच्या कायद्यांमुळे या कंपन्यांना डीलरला टाळून विकताही येत नाही. म्हणजे कागदावर आकडा आहे, पण तो ना छत ना जमीन.

१९६६ मध्ये एडमंड्सची किमतींची पुस्तकं निघू लागली आणि स्टिकरच्या मागचा आकडाही लोकांना दिसू लागला : डीलरला गाडी कितीला पडते तो, म्हणजे इनव्हॉइस. नव्वदच्या दशकात हेच इंटरनेटवर आलं. लोक प्रिंटआउट घेऊन शोरूममध्ये जायला लागले. अर्थात इनव्हॉइस म्हणजेही शेवटचा आकडा नव्हे. अनेक कंपन्या स्टिकरच्या साधारण दोन-तीन टक्के रक्कम नंतर डीलरला परत देतात, त्याला ‘होल्डबॅक’ म्हणतात. कांद्यासारखं आहे हे, सोलत जा.

आणि इथे मला आमच्या योगायोगाचं उत्तर सापडलं. इयान एअर्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी शिकागो भागात वेगवेगळ्या लोकांना गाडी घ्यायला पाठवलं. सगळ्यांना एकच पाठ दिलेला : कपडे सारखे, बोलणं सारखं, घासाघीसही सारखी. १९९१ मध्ये निकाल छापून आले. गोऱ्या पुरुषाकडून डीलर जेवढा नफा मागत होते, त्यापेक्षा गोऱ्या बाईकडून ४० टक्के जास्त, काळ्या पुरुषाकडून दुपटीहून जास्त आणि काळ्या बाईकडून तिपटीहून जास्त. मी तो परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. तिला अजिबात नवल वाटलं नाही, याचं मला जरा नवल वाटलं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. २००३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी इंटरनेटवरून चौकशी करून झालेल्या खरेदीचे आकडे तपासले, तेव्हा काळ्या आणि हिस्पॅनिक गिऱ्हाइकांना पडणारा जादा भुर्दंड जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. घासाघीस ही कला आहे, ज्याला जमते त्याला स्वस्त मिळतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला आता ते अर्धवट वाटतं. समोरच्याने तुमच्याकडे बघून बांधलेला अंदाज, हाच त्या कलेतला मोठा भाग आहे.

माहिती असली की भाव योग्य मिळतो, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण हायब्रिडने तेही खोटं पाडलं.

टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ ला आली आणि अमेरिकेत २००० साली, १९,९९५ डॉलरला. २००३ च्या शेवटी दुसरी पिढी आली आणि लोक वेडे झाले. महिनोन्महिने वेटिंग, स्टिकरवर हजारो डॉलर जादा. लोकांकडे इनव्हॉइसचे प्रिंटआउट होते, त्यांचा उपयोग शून्य. सरकारने २००६ पासून प्रियसवर ३,१५० डॉलरची करसवलत दिली, पण अट अशी की कंपनीच्या ६०,००० हायब्रिड विकल्या गेल्या की सवलत उतरणीला लागणार. टोयोटाने तो आकडा काही महिन्यांतच गाठला आणि १ ऑक्टोबर २००७ ला सवलत शून्यावर आली. कॅलिफोर्नियात तर हायब्रिडला कारपूल लेनमध्ये एकट्याने जायला पिवळे स्टिकर मिळायचे, एकूण ८५,०००. ते संपल्यावर स्टिकर असलेली जुनी गाडी त्या कागदासाठी चढ्या भावाने जाऊ लागली.

२००८ च्या जुलैत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. टोयोटाने मिसिसिपीतल्या नव्या कारखान्यात प्रियस बनवायचं जाहीर केलं. डिसेंबरात पेट्रोल दोन डॉलरखाली आलं, मंदी होती, आणि तेच काम थांबवलं गेलं. तीच गाडी, तीच बॅटरी, तेच मायलेज. पाच महिन्यांपूर्वी डीलर ऐकून घेत नव्हते, आता गिऱ्हाइकाची वाट बघत होते. २०२१-२२ च्या चिपटंचाईत ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ पुन्हा आली, आणि आमच्या डीलरकडे ती अजून गेलेली नाही.

फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये नियम केला होता की डीलरने जाहिरातीतच पूर्ण भाव सांगावा आणि निरुपयोगी गोष्टींचे पैसे लावू नयेत. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला, कारण आयोगाने स्वतःची कार्यपद्धती पाळली नव्हती.

असो. बायकोने काय केलं? सहा डीलरना एकच ईमेल. मॉडेल, रंग, आणि एकच मागणी : कर, नोंदणी, कागदपत्रांची फी, सगळं धरून गाडी दारातून बाहेर काढेपर्यंतचा एकच आकडा लेखी द्या. नावाच्या जागी फक्त आद्याक्षर आणि आडनाव. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी ‘या, बसून बोलू’ म्हटलं. पेनसिल्व्हेनियातल्या एकाने आकडा दिला : स्टिकरएवढा, ना वर ना खाली. अडीच तास ड्राइव्ह करून गाडी आणली.

रात्री पुण्याला बाबांना फोन केला. आजोबांनी बजाज स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती आणि शेवटी कंटाळून बाजारातून ‘ऑन’ देऊन घेतली होती. ती गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला निघते. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “किती कमी केले?”

“एक डॉलरही नाही. छापील किमतीला घेतली,” बायकोने सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “ऑन नाही ना द्यावा लागला?”

“नाही.”

“मग जिंकलीस. आता फोटो पाठव.”