काचिगुड्याचे मास्तर आणि ड्रिबलिंगला बंदी

मंडळी, आपल्या हैदराबादी मराठी आठवणी निघाल्या की गाडी विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय, गणेशोत्सवातली नाटकं याच रस्त्यानं जाते. जायलाच हवी. पण आपल्याच काचिगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये एकेकाळी शिकवणाऱ्या एका मास्तरांचं नाव त्यात क्वचितच येतं. ते मराठी नव्हते, एवढंच कारण असावं. नाव सय्यद अब्दुल रहीम. आमच्या घरातली थोरली माणसं त्यांना ‘रहीम साब’ म्हणायची.

जन्म 1909 चा, हैदराबादचाच. उस्मानियाची पदवी, पेशा शिक्षकाचा. पुढे चादरघाट हायस्कूलमध्येही होते. 2024 ला ‘मैदान’ सिनेमा आला तेव्हा नव्या पिढीला हे नाव कळलं. सिनेमात पदकं दिसली. मला सांगायचंय ते त्यांच्या शिकवण्याबद्दल.

त्या काळी मैदानातला हिरो कोण? जो एकटा चेंडू घेऊन तिघाचौघांना चकवतो तो. पब्लिक टाळ्या पिटायची आणि बाकीचे गडी उभे राहून त्याचा खेळ बघायचे. रहीम साब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी होते. हे मोडायला त्यांनी भाषण नाही दिलं, नियम बदलला. पोरांसाठी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. आणखी एक प्रकार होता, ज्यात फक्त कमजोर पायानं खेळायचं.

आता विचार करा, या नियमानं काय होतं? चेंडू पायाशी ठेवता येत नाही, म्हणजे तो येण्याआधीच मान वर करून बघावं लागतं की पुढे कुणाला द्यायचा. पास दिला म्हणून काम संपत नाही. देऊन लगेच बचाववाल्याच्या पाठीमागं पळावं लागतं, तेव्हा सोबती पहिल्याच स्पर्शात चेंडू तिथं परत देतो. आणि तिसरा, ज्याच्याकडे चेंडू नाही, त्यालाही सरकून जागा करावी लागते, नाहीतर दोघांचा रस्ता बंद. अटॅक म्हणजे एकाची करामत नव्हे, तिघांचा हिशेब, हे फळ्यावर न लिहिता पोरांच्या अंगात उतरतं. कमजोर पायाचंही तेच. दोन्ही पाय चालले तर पास कुठल्याही बाजूला जातो, समोरच्याला अंदाज येत नाही. मास्तर माणूस, धडा असा रचला की पाठ करायची गरजच नाही.

याचा नतीजा? त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप आणला. माझे काका फतेह मैदानावर या टीमच्या मॅचेस बघायचे. त्यांचं म्हणणं होतं, चेंडू कुणाकडे आहे हे बघत बसाल तर काही दिसणार नाही, कुणाकडे जाणार ते बघा.

देशाची टीम शिकवणं जास्त अवघड होतं. कुणी बंगालचा, कुणी पंजाबचा, कुणी आपल्या हैदराबादचा; भाषा वेगळ्या, सवयी वेगळ्या. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं 10-1 नं धुतलं. आपले बरेच गडी तेव्हा अनवाणी खेळत. चारच वर्षांनी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 नं हरवलं आणि मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक केली. भारत चौथा आला. मग 1962 चं जकार्ता. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि सिकंदराबादकडचा आपला तुळसीदास बलराम, असं त्रिकूट. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाकडून 0-2 हार. जर्नेल सिंग हा बचावातला गडी, डोक्याला टाके पडलेले. त्याला फायनलला अटॅकमध्ये घातलं आणि त्यानंच एक गोल मारला. त्याच कोरियाला 2-1 नं हरवून सुवर्णपदक आलं. कोण कुठं पळणार हे सगळ्यांना ठाऊक असेल तरच असा बदल पचतो.

तेव्हा रहीम साब कॅन्सरनं पोखरलेले होते. जून 1963 मध्ये गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालं नाही. 1970 च्या कांस्यानंतर तर पदकच नाही.

कप कपाटात राहतो, पण शिकवणं शिष्यांच्या पायात राहतं, आणि ते पाय थकले की संपतं. बलरामसुद्धा 2023 ला गेले. म्हणून म्हणतो, काचिगुडा, बरकतपुरा, बडीचावडी, सुलतान बाजार इथल्या तुमच्या घरात कुणी त्यांच्या हाताखाली शिकलं असेल, नाहीतर नुसतं कुंपणाला टेकून प्रॅक्टिस बघितली असेल, तर त्यांना आजच बसवून विचारा. पोरांना ओळीत कसं उभं करायचे? पास चुकला तर काय म्हणायचे? मराठीत सांगितलं तर मराठीत लिहा, दखनीत सांगितलं तर तसंच ठेवा. हा मास्तर आपल्या मोहल्ल्याचा होता, त्यांची आठवण सांभाळणं आपल्याकडेही लागतं.