मागच्या माणसांवरची सावली

कॉमिकचं पान उघडलं की आपली नजर आधी नायकाकडे जाते. आज आपण त्याच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीकडे बघू या. जुन्या अमेरिकी कॉमिकमध्ये ही गर्दी बऱ्याचदा सपाट निळ्या किंवा जांभळ्या रंगात असते. नायकाच्या चेहऱ्यावर छाया-प्रकाश, आणि मागची वीस माणसं मात्र एकाच रंगात बुडवलेली. असं का?

चित्रकार सांगतील की त्यामुळे खोली येते. दूरचं फिकट दिसतं, नजर नायकावर टिकते. हे खरंच आहे. पण इतिहास आणखी एक कारण सांगतो, ते म्हणजे मेहनत.

1879 साली बेंजामिन डे (धाकटे) यांनी छपाईत ठिपक्यांनी छटा आणायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे रंगीत कॉमिक याच तत्त्वावर छापली गेली. निळा, गुलाबी आणि पिवळा, प्रत्येकाच्या 25, 50 आणि 100 टक्के अशा तीन पायऱ्या. रंग न वापरणं ही चौथी पायरी धरली, तर चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण 64 रंग. प्रत्येक पायरीसाठी वेगळा पारदर्शक पत्रा, म्हणजे एका पानाला नऊ पत्रे, आणि ते हाताने रंगवायचे. आता गर्दीतल्या प्रत्येकाला वेगळा सदरा आणि गालावर वेगळी सावली द्यायची, तर हा खटाटोप किती वाढेल बघा. त्यापेक्षा सगळ्यांवर एकच निळा फिरवला की काम झालं.

हे पत्रे रंगवायचं काम मुख्यतः स्त्रिया करत, आणि त्यांची नावं कॉमिकवर छापली जात नसत. चित्रातली गर्दी बिनचेहऱ्याची आणि ती रंगवणारे हातही बिननावाचे!

मग संगणक आला. 1985 साली ‘शॅटर’ हे कॉमिक मॅकिंटॉशवर काढलं गेलं, पण रंग तेव्हाही हातानेच भरले. 1988 पासून कात्सुहिरो ओतोमो यांची ‘अकिरा’ अमेरिकेत रंगीत निघू लागली. मूळ जपानी मालिका कृष्णधवल होती. स्टीव्ह ऑलिफ यांनी तिला संगणकावर रंग दिले, आणि 64 रंगांची चौकट मोडली. पुढे 1994 साली फोटोशॉपमध्ये लेअर आले. आज खालच्या लेअरवर सपाट रंग भरायचे, वर ‘मल्टिप्लाय’चा लेअर ठेवायचा आणि त्यावर एकदाच सावली ओढायची. खालचे रंग तसेच राहतात, फक्त गडद होतात. चाळीस माणसांवर सावली टाकायला आता काही मिनिटं पुरतात.

म्हणजे अडचण गेली. सवय मात्र गेली नाही. आजही पुष्कळ डिजिटल कॉमिकमध्ये नायकावर संध्याकाळचं ऊन डावीकडून येतं आणि त्याच्या मागचा चहावाला, हमाल, बसची वाट बघणारी बाई करड्या रंगात उभी असतात. त्यांच्यावर ऊन पडतच नाही. जणू ती दुसऱ्याच जगात आहेत.

गर्दीला नायकाइतका तपशील द्या, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर पान वाचताच येणार नाही. डोळे-नाक गाळा, काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी ठेवा, कडा मऊ करा. पण उजेडाची दिशा तीच ठेवा. ऊन डावीकडून येत असेल, तर हमालाच्याही उजव्या खांद्यावर सावली पडू द्या. एका लेअरचं काम आहे ते.

पूर्वीच्या चित्रकाराला ‘परवडत नव्हतं’ असं म्हणता येत होतं. आपल्याला तसं म्हणता येत नाही. आता गर्दी सपाट राहिली, तर ती आपण ठेवली म्हणून राहिली. पुढचं कॉमिक वाचताना एकदा मागच्या माणसांकडे बघा आणि त्यांच्यावर ऊन पडलंय का ते शोधा.