एकशेवीस रुपयांची सेवा

त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ जवळ आला की त्यावर किती कोटी रुपये खर्ची पडणार याची चर्चा वर्तमानपत्रांत दोन-तीन वर्षे आधीपासून सुरू होते. घाट, रस्ते, वाहनतळ, साधुग्राम यांचे आराखडे होतात, निधी मंजूर होतो, त्यावर वाद होतात. २००३ आणि २०१५ च्या पर्वण्यांच्या वेळी हे झाले, २०२६-२७ च्या पर्वणीसाठीही झाले. याच तालुक्यात दर हिवाळ्यात आणखी एक छोटासा मेळा भरतो. त्याची बातमी फार तर आतल्या पानावर चार ओळींची असते. नाशिककडच्या एखाद्या महाविद्यालयाची पन्नासेक मुले-मुली एखाद्या आदिवासी पाड्यावर उतरतात. सोबत शिधा, सतरंज्या, घमेली, कुदळी आणि एक फलक. जिल्हा परिषदेच्या शाळेत सात दिवस मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर पथनाट्य. आठव्या दिवशी सगळे परत. या मेळ्यामागे उभी असलेली रक्कम इतकी लहान आहे की तिच्यावर वाद घालावा असे कोणालाही वाटलेले नाही. आम्हांला मात्र तिचा इतिहास पाहण्याजोगा वाटतो. तरुणांच्या हाती समाजकार्यासाठी सार्वजनिक पैसा द्यावा का, किती द्यावा आणि त्याबद्दल काय मागावे, हे प्रश्न या रकमेभोवती कित्येक दशके फिरत आहेत.

त्र्यंबक हे दानाचे गाव. आजचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधायला घेतले. त्यानंतरही राजे, सरदार, सावकार आणि सामान्य यात्रेकरू येथे देतच आले. दानाची रीत अशी की हातावर पाणी सोडले की देणाऱ्याचा संबंध संपला. घेणाऱ्याने त्याचे पुढे काय केले हे विचारायचे नसते. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात वाटली जाणारी दक्षिणा याच जातीची. इंग्रजांनी ती आपल्या बेताने चालू ठेवली. पण १८४९ साली, लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख ज्यांच्यात होते अशा सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथ तयार करण्याकडे लावावा. लोकहितवादी तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटीचा जन्म झाला, आणि आधुनिक मराठी गद्याच्या घडणीत तिचा वाटा किती हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या विषयापुरते महत्त्व इतकेच, की पैसा कोणाला द्यायचा या प्रश्नाशेजारी तो कशासाठी द्यायचा हा प्रश्न उभा राहिला, आणि तो तरुणांनी उभा केला.

पुढच्या शतकात सेवेच्या संस्था आल्या. गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५ चा, नारायण मल्हार जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ ची, राष्ट्र सेवा दल १९४१ चे. या संस्थांत राबणारे हात बहुधा तरुणांचे होते. पैसा मुख्यतः वर्गणीचा आणि दात्यांचा होता. सरकार परके होते, त्यामुळे तरुणांच्या सेवेसाठी सरकारी खजिना उघडावा ही अपेक्षा कोणी फारशी बाळगली नाही. स्वातंत्र्यानंतर ती बाळगणे स्वाभाविक होते. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेची सूचना केली होती. १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून पदवीपूर्वी समाजसेवा आवश्यक करावी का, असा विचार मांडला. त्याचा आराखडा करण्यासाठी १९५९ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्षपद आले चिंतामणराव देशमुखांकडे.

चिंतामणराव म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे महाराष्ट्राचे मानकरी. १९५९ मध्ये ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या समितीने केलेली शिफारस मुळीच भिडस्त नव्हती. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी, असे समितीचे म्हणणे होते. ही योजना स्वीकारली गेली नाही. तिला येणारा खर्च आणि अंमलबजावणीतील अडचणी ही कारणे पुढे आली. रुपया-आण्याचा हिशेब ज्यांच्याइतका कोणाला कळत नव्हता, त्यांचीच योजना परवडत नाही म्हणून बाजूला पडली!

त्यानंतर ख्वाजा गुलाम सैय्यदैन यांनी अनेक देशांतील विद्यार्थिसेवेचा अभ्यास करून सक्तीऐवजी स्वेच्छेचा मार्ग सुचवला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे ४० हजार विद्यार्थी तिच्यात आले. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १२० रुपये खर्च धरला होता. त्यातले ७० केंद्राने आणि ५० राज्याने द्यायचे. पैसा विद्यार्थ्याच्या हातात पडत नसे, तो कार्यक्रमासाठी असे. योजनेच्या नियमांत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे असे आहे. तासाला एक रुपया हा निव्वळ योगायोग, पण बोलका. चिंतामणरावांच्या वर्षभराच्या राष्ट्रसेवेचा व्यवहारात एवढा अंश उरला.

लहान रकमेचे हे सूत्र आरंभीच कसाला लागले. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळत असताना, १९७३ मध्ये ‘युथ अगेन्स्ट फॅमिन’ या विषयावर देशभर विद्यार्थ्यांची शिबिरे झाली. पुढच्या वर्षी अस्वच्छता आणि रोगराई हा विषय आला, मग वृक्षारोपण, मग ग्रामीण पुनर्रचना. शिबिराचा साचा पुढे बसला तो असा. शंभर विद्यार्थ्यांचे एकक, त्यातल्या निम्म्यांचे वर्षातून एक सात दिवसांचे निवासी शिबिर, आणि त्यासाठी दरडोई ठरलेली रक्कम. २००९ पासून ही रक्कम शिबिरार्थीमागे ४५० रुपये होती. म्हणजे पन्नास जणांच्या शिबिराला २२,५०० रुपये, माणशी दिवसाला सुमारे ६४. जेवण, प्रवास, अवजारे, औषधपेटी सगळे त्यातच. पुढे दर वाढले, २०१६ पासून राज्याचा वाटा जाऊन सगळा भार केंद्राकडे गेला, पण मोजण्याचे माप डोक्यांचेच राहिले. किती मुले आली यावर रक्कम ठरते. गावाला काय हवे आहे याची त्या गणितात जागा नाही.

ही जागा नसणे म्हणजे काय, ते त्र्यंबक तालुक्यात स्पष्ट दिसते. येथे पाऊस धो-धो कोसळतो. गोदावरी येथेच उगम पावते. पश्चिमेकडे वाहणारी वैतरणाही याच डोंगररांगांतली, आणि तिच्यावरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते. तरीही चैत्र-वैशाखात येथले पाडे तहानलेले असतात. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही आणि उतारावर ते थांबत नाही. खुद्द ब्रह्मगिरीच्या अंगावर मेटघर किल्ला नावाचे गाव आहे, त्याच्या वस्त्यांना ‘मेट’ म्हणतात. मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची पहाऱ्याची चौकी. ज्यांचे पूर्वज त्र्यंबकगडाच्या वाटा राखीत, त्या वस्त्यांतल्या बायका उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात, अशी छायाचित्रे अलीकडच्या वर्षांत वारंवार छापून आली आहेत. खाली कुशावर्तात तीर्थस्नान चालू असते, वर उगमाच्या डोंगरावर प्यायला पाणी नसते.

अशा पाड्यांवर विद्यार्थ्यांचे शिबिर येते ते बहुधा मार्गशीर्ष-पौषात. महाविद्यालयांचे वेळापत्रकच तसे आहे. त्या वेळी ओढे अजून वाहत असतात. मुले सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून ओढ्यात रचतात. मोहन धारियांच्या संस्थेमुळे ‘वनराई बंधारा’ हे नाव या कामाला सर्वत्र मिळाले. हा बंधारा खरोखर गुणी आहे. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही, हात लागतात, आणि पन्नास तरुण हात दोन दिवसांत तो उभा करतात. त्यामागे साठलेल्या पाण्यावर गुरे पितात, एखादे वाल-हरभऱ्याचे शेत तरते, खालच्या विहिरीची पातळी थोडी टिकते. पण वैशाखापर्यंत तो पुरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात गोण्या वाहून जातात. तहान लागते तेव्हा मुले परीक्षेला बसलेली असतात. अनुदानाचे आर्थिक वर्ष मार्चअखेर मिटलेले असते. पुढच्या हिवाळ्यात मुले येतात, पण निम्मी नवी असतात, कारण स्वयंसेवकाची मुदतच दोन वर्षांची. गावाला त्यांची नावे ठाऊक नसतात आणि मागच्या बंधाऱ्याचे काय झाले हे त्यांना ठाऊक नसते.

‘अनुदान’ या शब्दातला ‘अनु’ म्हणजे मागाहून. ज्यांनी शिबिरे भरवली आहेत त्यांना हा अर्थ व्युत्पत्तीवाचून कळतो. वाण्याकडून शिधा उधारीवर आणायचा, प्राध्यापकाने खिशातून गाडीभाडे भरायचे आणि रक्कम येईल तेव्हा पावत्या जोडून ती वळती करायची, हा अनेकांचा अनुभव आहे. हिशेब काटेकोर मागितला जातो, हे योग्यच. दक्षिणेहून अनुदान वेगळे ते एवढ्याचसाठी. मात्र तो हिशेब पैशाचा असतो. तांदूळ किती, डाळ किती, फलक केवढ्याचा, हे कागदावर येते. बंधाऱ्यात माघात किती पाणी होते, हे कोणत्याही रकान्यात येत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेचे घोषित उद्दिष्ट समाजसेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास हे आहे. म्हणजे ही रक्कम गावाच्या पाण्यासाठी नव्हतीच, मुलांच्या शिक्षणासाठी होती. या दृष्टीने पाहिले तर सात दिवस वाया गेले असे कसे म्हणावे? शहरात वाढलेली मुलगी पहिल्यांदा चुलीवर पन्नास माणसांचा स्वयंपाक करते, पाड्यावरच्या तिच्याच वयाच्या मुलीची शाळा का सुटली हे तिच्याच तोंडून ऐकते, ही शिकवण लहान नाही. आम्हांला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल आमचे म्हणणे असे, की जे काम टिकले की वाहून गेले हे पाहायला आपण परत जात नाही, त्या कामातून आपण सेवा शिकतो की केवळ सेवेचा अनुभव घेतो? गाव जर मुलांच्या शिक्षणाचे साधन असेल, तर त्या साधनाचेही काही देणे लागते.

याच्या उलट टोकाची उदाहरणेही याच परिसरात आहेत. नाशिकच्या ‘सोशल नेटवर्किंग फोरम’ने समाजमाध्यमांवरून छोट्या देणग्या गोळा करून त्र्यंबक, पेठ या भागांतील पाड्यांवर पाणी पोहोचवण्याची कामे केली आहेत. उद्भव शोधायचा, गावाने श्रमदानाने चर खणायचा, वर्गणीतून जलवाहिनी आणि टाकी आणायची, असा तो प्रकार. येथे पैसा डोक्यांवर मोजला जात नाही, कामावर मोजला जातो, आणि नळाला पाणी आले की नाही हाच ताळेबंद. तरी या रीतीचेही एक उणे आहे. वर्गणी मिळायची तर गावाची तहान आधी कोणाच्या तरी नजरेस पडावी लागते, तिचे छायाचित्र निघावे लागते. सरकारी अनुदान कितीही कोरडे असले तरी ते महाविद्यालयाचे नाव किंवा गावाची प्रसिद्धी पाहत नाही. तालुक्याच्या गावच्या साध्या महाविद्यालयाला जो दर, तोच पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयाला. हा समानतेचा गुण टाकून देण्याजोगा नाही.

म्हणून रक्कम वाढवा, एवढीच मागणी आम्हांला अपुरी वाटते. ती वाढावीच, पण त्याआधी तिच्यातला थोडा भाग परतीच्या फेरीसाठी राखून ठेवावा. शिबिर झालेल्या गावी पाच-दहा मुलांनी वैशाखात पुन्हा जावे, दोन दिवस राहावे, विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे, आणि पाहिले ते ग्रामसभेसमोर आणि महाविद्यालयासमोर मांडावे. पुढच्या हिवाळ्यात काय करायचे ते त्यावरून मुलांनी आणि गावाने मिळून ठरवावे. याला काही हजारांपलीकडे खर्च नाही. देशमुख समितीचे वर्ष परवडणारे नव्हते हे मान्य केले, तरी वैशाखातले दोन दिवस न परवडण्याइतके आपण गरीब नाही.

१८४९ च्या त्या अर्जदारांनी नवा पैसा मागितला नव्हता. होता तोच पैसा कशासाठी, एवढे विचारले होते. मेटावरच्या विहिरीकाठी उभे राहून आजच्या एखाद्या स्वयंसेवकाने तेच विचारले, तर त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे पावत्यांखेरीज काही असावे.