संस्कृतज्ञ घुर्ये समाजशास्त्राकडे कसे वळले?

मुलाचा विषय कॉलेजच्या पहिल्याच दिवशीं पक्का व्हावा, असें पुष्कळ घरांत मानतात. गोविंद सदाशिव घुर्ये १९१८ सालीं संस्कृत घेऊन एम्. ए. झाले, तेव्हां मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभागच नव्हता. मग त्यांतली नोकरी कुठली! विभाग १९१९ मध्यें निघाला. तेथें पॅट्रिक गेडीस यांचीं व्याख्यानें ऐकून या संस्कृतज्ञाचें मन तिकडे ओढलें. गेडीसांच्या शिफारशीनें ते विलायतेस गेले, केंब्रिजला रिव्हर्सांच्या हाताखालीं शिकले आणि १९२४ मध्यें मुंबईच्या त्याच विभागाचे प्रमुख झाले. संस्कृत मात्र वायां गेलें नाहीं. जातिसंस्थेचा शोध घेतांना तेंच उपयोगी पडलें. पुढें तत्त्वज्ञानाच्या पदवीधर इरावती कर्वे त्यांच्या हाताखालीं १९२८ मध्यें एम्. ए. झाल्या आणि मानवशास्त्रासाठीं बर्लिनला गेल्या.