ट्रान्सपुरुषांची शरीरसाधना : टेस्टोस्टेरॉन-उपचाराच्या पूर्वी व प्रारंभी

जन्मसमयी स्त्री म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःस पुरुष मानणाऱ्या व्यक्तींस ट्रान्सपुरुष म्हणतात. त्यांपैकी जे टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा उपचार घेण्याच्या विचारात असतात, त्यांच्या व्यायामाचे विवेचन येथे केले आहे.

उज्जैन शहरात या विषयास विशेष पार्श्वभूमी आहे. मल्लखांबास मध्य प्रदेशाने 2013 मध्ये राज्यक्रीडेचा दर्जा दिला आणि उज्जैन हे त्या विद्येचे एक प्रमुख केंद्र होय. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखालील किन्नर आखाडाही 2016 च्या सिंहस्थात येथेच लोकांसमोर आला, परंतु त्यात दिसल्या त्या प्रायः ट्रान्सस्त्रिया, आणि ट्रान्सपुरुष नजरेबाहेरच राहिले. पुरलेला मल्लखांब मुलांचा व दोरीचा मुलींचा, हा जुना शिरस्ता. त्यातही पुरलेल्या खांबास एरंडेल चोपडून केवळ लंगोटानिशी चढावयाचे असल्याने, छाती झाकू इच्छिणाऱ्यास तेथे जागाच उरत नाही. अशा तरुणास रेल्वेमार्गापलीकडील फ्रीगंजात, टॉवर चौकाच्या आसपास, अंगात सदरा ठेवून वजने उचलता येतील अशी जिम तालमीपेक्षा सोयीची वाटली तर नवल नाही. तथापि दोरीचा मल्लखांब मुलींचा म्हणून जो टाकून देतो तो स्वतःचेच नुकसान करून घेतो, कारण पकड, दंड व पाठ घडविण्यास देहभाराइतके हुकमी वजन दुसरे नाही.

उपचार सुरू होईपर्यंत व्यायाम लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम व किमान 2 दिवस स्नायुबलवर्धक व्यायाम सांगितला असून तो येथेही लागू पडतो. खांदे व पाठ भरल्याने बांधा पुरुषी दिसू लागतो. केवळ नितंबांचीच चरबी उतरविणारा व्यायाम मात्र अस्तित्वात नाही, मग जिममधील उस्ताद काहीही सांगोत. छाती आवळणारा बाइंडर श्वासास अडथळा करतो, म्हणून कष्टाच्या व्यायामात तो उतरवून सैल सदरा व खेळाची घट्ट अंतर्वस्त्रे वापरावीत. लवचीक पट्ट्या तर कधीच गुंडाळू नयेत.

उपचारानंतर स्नायुबलातील वाढ साधारणतः 6 ते 12 महिन्यांत जाणवू लागते व पूर्णत्वास 2 ते 5 वर्षे घेते. उपचारापूर्वी इतर पुरुषांहून 43 टक्के कमी जोर काढणाऱ्या ट्रान्सपुरुषांच्या बाबतीत हा फरक वर्षभराच्या उपचारानंतर उरला नाही, असे अमेरिकी वायुदलाच्या दप्तरी असलेल्या चाचण्यांवरून आढळले. परंतु स्नायूंच्या वेगाने कंडरा बळकट होत नाहीत, तेव्हा वजन वाढविण्यास घाई करू नये. रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होण्याचा संभव असल्याने पहिल्या वर्षी दर 3 महिन्यांनी तपासणी करून घ्यावी, आणि जिममध्ये चोरून विकली जाणारी इंजेक्शने सर्वथा वर्ज्य समजावीत.

आर्यन पाशा या ट्रान्सपुरुषाने 2018 च्या ‘मसलमेनिया इंडिया’ शरीरसौष्ठव स्पर्धेत पुरुषांच्या एका गटात दुसरा क्रमांक मिळविला. टेस्टोस्टेरॉन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध सूचीत असल्यामुळे, त्या संस्थेचे नियम लागू असलेल्या स्पर्धांत उतरू इच्छिणाऱ्यास उपचारार्थ वापराची रीतसर परवानगी मिळवावी लागते.